पोरगं ‘वरच्या’ क्रिकेटला तयार झालं, हे ठरवायचं कोणी आणि कसं?

उज्जैनच्या नमन ओझाला कसोटीची टोपी मिळायला पंधरा मोसम लागले. पार्थिव पटेलला ती सतराव्या वर्षीच मिळाली. लवकर की उशिरा, या प्रश्नाचा हा हिशेब.

भैरवगढ (उज्जैन) : शिप्रेच्या काठावरचं भैरवगढ तीन गोष्टींसाठी ओळखलं जातं. काळभैरवाचं मंदिर, मध्यवर्ती कारागृह आणि बटिकची छपाई. बटिकमध्ये कापडावर गरम मेणाने नक्षी काढतात, कापड रंगात बुडवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मेणाखालची जागा कोरी राहते, बाकीची रंगते. काम शिकायला आलेल्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी कोणी भारी साडी देत नाही. आधी तुकडे, मग रुमाल, मग चादर, आणि हात बसला की साडी.

साडी लवकर दिली तर कापड वाया जातं. फार उशिरा दिली तर कापड वाचतं, पण पोरगं कंटाळून दुसऱ्या धंद्याला लागतं. पहिलं नुकसान सगळ्यांना दिसतं. दुसरं कोणाच्याच वहीत लिहिलं जात नाही.

क्रिकेटच्या निवडीतही नेमका हाच घोळ आहे. पोरगं जिल्ह्यात धावा करतं, विभागाच्या संघात येतं, आणि घरात एकच विषय सुरू होतो. याला वर कधी घेणार? उज्जैनच्या वाचकांना याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही.

उज्जैन ते कोलंबो : पंधरा मोसमांचा रस्ता

नमन ओझाचा जन्म उज्जैनचा, १९८३ सालचा. मध्य प्रदेशकडून तो २०००-०१च्या मोसमात प्रथम श्रेणी क्रिकेट खेळायला लागला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. यष्टिरक्षण करायचं आणि वर येऊन धावाही करायच्या, असं दुहेरी काम. भारताची निळी जर्सी त्याला २०१० मध्ये मिळाली. त्या वर्षी झिम्बाब्वेत तो एक एकदिवसीय आणि दोन टी-२० सामने खेळला. त्यात धावा झाल्या नाहीत आणि दार परत बंद झालं.

२०१४ मध्ये भारत ‘अ’ संघ ऑस्ट्रेलियात गेला. तिथे दोन अनधिकृत कसोटींत नमनने एक द्विशतक आणि दोन शतकं ठोकली. द्विशतक होतं नाबाद २१९चं. यापेक्षा मोठा पुरावा कोणी काय द्यायचा? तरीही त्याच वर्षाच्या शेवटी महेंद्रसिंग धोनीने कसोटी सोडली, तेव्हा जागा वृद्धिमान साहाला मिळाली. साहाही वर्षानुवर्षं रांगेतच उभा होता, त्यामुळे त्या निर्णयाला चूक म्हणता येत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये श्रीलंकेत साहाला दुखापत झाली आणि कोलंबोच्या तिसऱ्या कसोटीत नमनला टोपी मिळाली. वय ३२. त्याने २१ आणि ३५ धावा केल्या, चार झेल घेतले, एक यष्टिचीत केला. भारताने सामना जिंकला आणि श्रीलंकेतली मालिका २२ वर्षांनी जिंकली. साहा बरा झाला, परत आला. नमनची ती पहिली आणि शेवटची कसोटी ठरली. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा रणजी स्पर्धेत यष्टिरक्षकांमध्ये सर्वाधिक ३५१ बळी त्याच्या नावावर होते.

नमन तयार कधी झाला होता? २०१५ मध्ये नक्कीच नाही. त्याच्या बऱ्याच आधी. २०१५ मध्ये फक्त जागा रिकामी झाली.

दुसरं टोक : रणजीच्या आधी कसोटी

आता त्याच कामाचं, म्हणजे यष्टिरक्षणाचंच, दुसरं उदाहरण. ऑगस्ट २००२. इंग्लंडमधल्या ट्रेंट ब्रिज मैदानावर भारताने पार्थिव पटेलला उतरवलं. वय १७ वर्षं. कसोटीच्या इतिहासातला सगळ्यात लहान यष्टिरक्षक. गंमत म्हणजे तोपर्यंत तो गुजरातकडून रणजीचा एकही सामना खेळला नव्हता. पहिल्या डावात शून्य. दुसऱ्या डावात मात्र तासाभराहून जास्त वेळ खेळपट्टीवर उभं राहून त्याने सामना वाचवायला हातभार लावला.

म्हणजे पोरगं घाबरट नव्हतं. पण यष्टीमागचे हात अजून पक्के व्हायचे होते. दोन वर्षांत चुका वाढल्या आणि २००४ मध्ये जागा गेली. दिनेश कार्तिक आला, मग धोनी आला आणि धोनीनंतर जागाच उरली नाही. पार्थिव गुजरातला परतला आणि तिथे खऱ्या अर्थाने घडला. २०१६-१७ची रणजी अंतिम लढत इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाली. मुंबईविरुद्ध ३१२ धावांचा पाठलाग होता. कर्णधार पार्थिवने १४३ धावा केल्या आणि गुजरातने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. त्याच मोसमात, आठ वर्षांच्या खंडानंतर, तो भारताच्या कसोटी संघातही परत आला होता.

दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. पार्थिवला लवकर पाठवलं, हे आजही लोक बोलतात. नमनला उशिरा पाठवलं, हे उज्जैन-इंदूरच्या बाहेर फारसं कोणी बोलत नाही.

मग ‘तयार’ म्हणजे नेमकं काय?

नुसत्या धावा मोजून हे कळत नाही. जाणकार प्रशिक्षक आणि निवडकर्ते साधारण तीन गोष्टी पाहतात.

पहिली : धावा कोणासमोर केल्या? जिल्ह्यातलं दीडशे आणि रणजीतलं साठ यांची बेरीज एका रकान्यात होत नाही. सचिन तेंडुलकरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धंच. ‘सोळाव्या वर्षी खेळला’ एवढंच लक्षात राहतं. त्याआधीच्या पायऱ्या विसरल्या जातात. १९८७-८८ मध्ये मुंबईने त्याला रणजीच्या संघात घेतलं, पण अकरा जणांत खेळवलं नाही. पुढच्या मोसमात कर्णधार दिलीप वेंगसरकर यांनी त्याला वानखेडेच्या नेटमध्ये कपिल देवच्या गोलंदाजीसमोर उभं केलेलं पाहिलं. पोरगं सहज खेळलं. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध त्याला उतरवलं आणि पंधराव्या वर्षी पदार्पणातच त्याने शतक केलं. त्या मोसमात मुंबईच्या सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या.

तरीही १९८९च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी त्याला पाठवलं नाही. तिथल्या वेगवान गोलंदाजांसमोर पंधरा वर्षांचं पोर घालायचं धाडस निवड समितीने केलं नाही. नोव्हेंबरमध्ये, इराणी करंडकाच्या सामन्यातही शतक झाल्यावर, पाकिस्तानचा दौरा आला. कराचीत पहिल्या डावात १५ धावा. सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर बसला, रक्त आलं, तरी पठ्ठ्या थांबला नाही, ५७ धावा करूनच परतला. पहिलं कसोटी शतक मात्र ऑगस्ट १९९० मध्ये, मँचेस्टरला आलं. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा ‘लवकर’चा दाखला घेतला तरी त्यात एक मोसम राखीव, एक मोसम रणजी, एक नकार आणि नऊ महिन्यांची शतकाची वाट आहे.

दुसरी : चूक सापडल्यावर पोरगं काय करतं? वरच्या पातळीवर प्रत्येकाची खोट सापडतेच. समोरचे संघ व्हिडिओ पाहून ती शोधून काढतात. पृथ्वी शॉने रणजीच्या पदार्पणात शतक केलं, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. अठरा वर्षांच्या पोराकडून आणखी काय पाहिजे? पण डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला तो शून्य आणि चार धावांवर बाद झाला. दोन्ही वेळा बॅट आणि पॅडच्या मधल्या फटीतून चेंडू आत शिरला आणि त्रिफळा उडाला. त्यानंतर त्याला कसोटी मिळालेली नाही. फट राजकोटलाही होती. राजकोटच्या खेळपट्टीवर आणि त्या गोलंदाजीसमोर ती दिसली नाही, इतकंच. म्हणूनच जाणकार धावफलकाच्या आधी बाद होण्याची पद्धत पाहतात. एकच पोर एकाच प्रकारे तीनदा बाद होत असेल तर शतक असूनही थांबायला सांगतात. आणि तीच चूक चौथ्यांदा दिसली नाही, तर कमी धावा असूनही वर घेतात.

तिसरी : शरीर. फलंदाजाला मोसमभर थांबता येतं. वेगवान गोलंदाजाचं तसं नाही. वाढीच्या वयात षटकांचा मारा केला तर कंबरेच्या मणक्याला बारीक तडे जातात, आणि उलट फार थांबवलं तर अंगातला वेग वाया जातो. उमेश यादव हे याचं जवळचं उदाहरण. नागपूरजवळच्या खापरखेड्यातला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. वयोगटाची कुठलीही शिडी त्याने पायरी-पायरीने चढली नाही. विशीत येईपर्यंत टेनिस बॉलच खेळत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये विदर्भाकडून मध्य प्रदेशविरुद्ध रणजी पदार्पण, २०१० मध्ये एकदिवसीय, २०११ मध्ये कसोटी. विदर्भ संघातून कसोटी खेळणारा तो पहिला. ताशी १४० किलोमीटरच्या वेगाला वयाचा दाखला कोणी विचारला नाही, आणि ते बरोबरच झालं.

चौथी गोष्ट, जी पोराच्या हातात नाही

या तिन्ही कसोट्या पार केल्या तरी एक प्रश्न उरतो. जागा आहे का? मराठी क्रिकेटचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे.

भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला आणि विक्रम राहून गेला. निंबाळकर पुढे इंदूरच्या होळकर संघातूनही खेळले. अधिकृत कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही.

अमोल मुजुमदार यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम. पुढे ११,१६७ धावा आणि ३० शतकं. पण भारताची मधली फळी तेव्हा तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण यांची होती. मुजुमदार भारताकडून एकही सामना खेळले नाहीत. त्यांचा पदार्पणाचा विक्रम डिसेंबर २०१८ मध्ये इंदूरला मोडला, आणि मोडणारा होता उज्जैनच्या शेजारचा, देवासचा अजय रोहेरा. हैदराबादविरुद्ध नाबाद २६७. तोही अजून भारताच्या संघापासून लांबच आहे.

इंदूरच्या जलज सक्सेनाचं तर उदाहरणच वेगळं. रणजीत ६,००० धावा आणि ४०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू. मध्य प्रदेश, मग केरळ, मग महाराष्ट्र असा प्रवास झाला. भारताची टोपी नाही. तो फिरकी टाकतो आणि फलंदाजी करतो. नेमक्या याच कामासाठी त्याच्या काळात अश्विन आणि जडेजा उभे होते.

म्हणून ‘निवड झाली नाही’ आणि ‘पोरगं तयार नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. घरातल्यांनी आणि गल्लीतल्यांनी ती एकच समजली की पोराच्या मनावर उगाच ओझं येतं.

अमेरिकेचा हिशेब : पंधरा दिवसांची किंमत

हा प्रश्न सगळ्यात जास्त चघळला जातो तो अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. तिथे मुख्य लीगमध्ये ३० संघ. प्रत्येक संघाच्या हाताखाली दुय्यम लीगचे संघ, एकावर एक रचलेले. अगदी खालची पायरी, मग ‘ए’, ‘डबल ए’ आणि सगळ्यात वर ‘ट्रिपल ए’. पोरगं क्लबच्या पगारावर असतं आणि पायरी चढवायची की नाही, हे क्लबच ठरवतो. दर पायरीवर चेंडू वेगवान होतो, वळण बेमालूम होतं. खाली धावा काढणारे बरेच जण मधल्या पायरीवर अडकतात आणि तिथूनच घरी जातात.

आपल्याकडची दोन पोरंही त्या शिडीवर चढली होती. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने करारबद्ध केलं. भालाफेकीतून तयार झालेला हात, चेंडू जोरात जाणार, असा हिशेब. त्यांच्यावर हॉलिवूडने सिनेमाही काढला. पण दोघंही खालच्या पायऱ्यांच्या पुढे गेले नाहीत. हाताला जोर होता, पण लहानपणापासून खेळल्याशिवाय येत नाही ती समज नव्हती. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला.

पण त्या शिडीतला खरा पेच पैशाचा आहे. खेळाडूने मुख्य लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण केली की तो मोकळा होतो, हव्या त्या क्लबशी सौदा करू शकतो. एक वर्ष म्हणजे १७२ दिवस संघात. आता व्यापारी डोक्याने विचार करा. मोसमाच्या सुरुवातीचे दोनेक आठवडे पोराला खाली ठेवलं, तर त्याचं वर्ष पूर्ण भरत नाही आणि क्लबला तो आणखी एक मोसम स्वस्तात मिळतो.

२०१५ मध्ये शिकागो कब्ज क्लबने क्रिस ब्रायंटच्या बाबतीत हेच घडवलं. सरावाच्या सामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, तरी क्लबने त्याला खाली पाठवलं. कारण सांगितलं, क्षेत्ररक्षण सुधारायचंय. १७ एप्रिलला वर बोलावलं. मोसमअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्या वर्षी त्याच्यासह क्लबने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. पण गाजावाजा इतका झाला की २०२२च्या नव्या करारात नियम बदलला. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोन क्रमांकांत आलेल्याला आता वर्ष पूर्ण धरून मिळतं, आणि अशा पोराला वेळेत वर आणणाऱ्या क्लबलाही बक्षीस म्हणून जादा निवडीचा हक्क मिळू शकतो.

म्हणजे ‘अजून तयार नाही’ हे वाक्य ऐकलं की अमेरिकेतले लोक आधी विचारतात, थांबवल्याने फायदा कोणाचा? हा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हरकत नाही.

आपल्याकडचा हिशेब

भारतात क्लब नाही, संघटना आहे. पण पैसा आहेच. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार रणजी खेळाडूला अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात, राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. २३ वर्षांखालील स्पर्धेत दिवसाला २५ हजार, १९ वर्षांखालील स्पर्धेत २० हजार. चार दिवसांचा एक रणजी सामना म्हणजे नव्या पोराला १ लाख ६० हजार. सामान्य घराला हा आकडा लहान नाही. एक मोसम उशीर झाला तर घरात किती फरक पडतो, ते आकडेमोड करून पाहा.

आयपीएलने तर शिडीच वेगळी लावली आहे. बिहारचा वैभव सूर्यवंशी वयाच्या बाराव्या वर्षी रणजी खेळला आणि एप्रिल २०२५ मध्ये, चौदाव्या वर्षी, राजस्थान रॉयल्सकडून त्याने ३५ चेंडूंत शतक केलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी आयसीसीने २०२० पासून किमान पंधरा वर्षांची अट घातली आहे, ती अशाच पोरांसाठी. मात्र टी-२०ची तयारी आणि कसोटीची तयारी एक नव्हे. इंदूरचा रजत पाटीदार आयपीएलमध्ये बेंगळुरूचा कर्णधार झाला आणि २०२५ मध्ये करंडकही जिंकला. पण २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध मिळालेल्या तीन कसोटींत त्याच्या एकूण धावा झाल्या ६३. त्याच मालिकेत सर्फराज खान, रणजीत वर्षानुवर्षं धावांचे डोंगर रचून, सव्विसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळला आणि दोन्ही डावांत अर्धशतक ठोकून गेला.

मुलींची शिडी तर आणखी वेगळी. पायऱ्याच कमी होत्या, त्यामुळे उड्या मोठ्या. सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात आणि सोळाव्या वर्षी भारताच्या. शफाली वर्मा पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, पुढे एकदिवसीय संघातून वगळली गेली, आणि २०२५च्या विश्वचषकात जखमी खेळाडूच्या जागी थेट उपांत्य सामन्याला आली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात तिने ८७ धावा आणि दोन बळी घेतले. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. ज्याची स्वतःची पाळी कधी आली नाही, त्याच्या हाताखाली ऐनवेळी बोलावलेली पोरगी विश्वचषक जिंकून देते. तेव्हा वगळलं जाणं म्हणजे सगळं संपलं, असं समजायचं कारण नाही.

सीमेवरच्या पोरांची शिडी कुठली?

सीमाभागातल्या मराठी घरांत हा गोंधळ नेहमी असतो. क्रिकेटची शिडी भाषेवर नाही, राज्य संघटनेवर चालते. उज्जैनचं पोरगं आधी उज्जैन विभागाच्या संघात येतं, आंतरविभागीय स्पर्धेत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर अशा संघांशी खेळतं आणि तिथून मध्य प्रदेशच्या संघासाठी निवडलं जातं. बऱ्हाणपूर आणि जळगाव शेजारी असले तरी शिड्या दोन. बेळगावच्या पोराची शिडी कर्नाटकची. गोव्याची स्वतंत्र. खुद्द महाराष्ट्रात तर तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १६ वर्षांखालील विजय मर्चंट, १९ वर्षांखालील कूचबिहार आणि २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडक, मग रणजी, अशा पायऱ्या सगळीकडे सारख्याच. नायडू जन्माने नागपूरचे आणि कर्तृत्वाने इंदूरचे, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

लहान संघाची शिडी कमी गर्दीची असते, हे खरं. सचिनचा मुलगा अर्जुन मुंबई सोडून गोव्याकडे गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये रणजी पदार्पणात त्याने शतक केलं. पण कमी गर्दी म्हणजे कमी कस, असंही आता राहिलेलं नाही. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकली. त्यानंतर मध्य प्रदेशला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. बेंगळुरूच्या अंतिम सामन्यात मुंबईला सहा गड्यांनी हरवलं, यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतकं केली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मूळ मुंबईचे. १९९८-९९ मध्ये ते याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. आता मध्य प्रदेशच्या संघात यायचं म्हणजे रणजी जिंकलेल्या खेळाडूंच्या रांगेत उभं राहायचं.

घरच्यांनी विचारायचे चार प्रश्न

• धावा किंवा बळी कोणासमोर मिळाले? वहीत धावांच्या शेजारी समोरच्या संघाचं नावही लिहा.

• मागच्या पाच डावांत पोरगं कसं बाद झालं? एकाच प्रकारे होत असेल, तर वर जाण्याआधी ते दुरुस्त करा.

• शरीर झेपतंय का? विशेषतः वेगवान गोलंदाजाची आठवड्याची षटकं कोणी मोजतंय का?

• वरच्या संघात त्या कामाची जागा रिकामी आहे का? नसेल, तर नाव न लागणं हा पोराचा दोष धरू नका.

पहिल्या तिन्हींची उत्तरं चांगली आली, तर पोरगं तयार आहे असं समजा आणि संघटनेला निर्धास्तपणे विचारा, अजून का थांबवताय? ‘घाई करू नका’ हा सल्ला देणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही, ती पोराच्या वयातून वजा होते. चौथ्याचं उत्तर मात्र कोणाच्याच हातात नसतं. तोपर्यंत हात चालू ठेवायचा. नमन ओझाने तो पंधरा मोसम चालू ठेवला, म्हणून एका ऑगस्टमध्ये अचानक बोलावणं आलं तेव्हा हातमोजे घालून तो उभा होता.